एकतीस नंबरची पिशवी

"मोजताना बोलायचं नाही, आणि बोलताना मोजायचं नाही."

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्या आमच्या माती विभागाच्या प्रमुख होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात चिमटा, आणि आवाज इतका हलका की समोरच्याला आपोआप गप्प व्हावं लागे. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी मी मोजायला बसले की तो आवाज अजून कानामागे येऊन उभा राहतो.

मला तो नियम इतका आवडला की मी तो देवाकडे घेऊन गेले. पहाटे उठल्यापासून प्रार्थना होईपर्यंत, आणि पुढे सूर्य नीट वर येईपर्यंत, मी बोलत नाही. अठरा वर्षं झाली. तापात पाळलं, प्रवासात पाळलं, बाबा गेले त्या पहाटेही पाळलं. ताईला त्याचा राग येतो. भावजी मात्र हसायचे. घरात दोन बहिणी आहेत, म्हणायचे, एक बोलून मारते आणि एक न बोलता.

भावजी आमच्याच वनसंशोधन केंद्रात कामाला. ते जंगलातलं बघायचे, मी प्रयोगशाळेतलं. केंद्राच्या मागेच आमचं घर. वरच्या खोलीत मी, खाली ताई आणि भावजी, मागच्या खोलीत बाबा असायचे. ताई घरी शिवणकाम करते. दिवसभर मशीनची घरघर चालू असते, आणि ती थांबली की समजायचं, ताईला काहीतरी बोलायचंय.

आमचं काम ऐकायला सोपं आहे. नायलॉनच्या बारीक जाळीच्या, वीतभर पिशव्या शिवायच्या. त्या ताईच शिवून द्यायची. प्रत्येकीत वाळवलेली पानं बरोबर दहा ग्रॅम भरायची, पत्र्याच्या बिल्ल्यावर खिळ्याने आकडा कोरून तो बांधायचा, आणि पिशव्या जंगलात पाचोळ्याखाली ठेवून द्यायच्या. वर्षाने उचलून पुन्हा वजन करायचं. जेवढं कमी भरलं तेवढं कुजलं.

कुजवते कोण, तर बुरशी. लोकांना छत्र्या दिसतात. खरी बुरशी खाली असते, केसाहून बारीक तंतूंची, एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली पसरलेली. एक जात लाकडातला टणकपणा खाते आणि मागे पांढरा कापूस उरतो. दुसरी टणकपणा सोडून बाकीचं खाते आणि लाकडाचे तपकिरी चौकोनी तुकडे पडतात. मेलेल्यातून ती जिवंताला वाढून देते. बाई म्हणायच्या, एक वर्ष हिने संप केला तर जंगल आपल्याच पाचोळ्यात गुदमरून मरेल. आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली होती, ती मला फार दिवस खरी वाटत नव्हती. पान खायला घेतल्यावर बुरशी आधी त्यात बाहेरून भर घालते. लांबून, मातीतून, तंतूतंतूने सत्त्व ओढून आणते, आणि मग सावकाश जेवायला बसते.

जंगलाच्या सातव्या तुकड्यात आम्ही अठ्ठेचाळीस पिशव्या ठेवल्या होत्या. मी आणि भावजी, दोघांनी गुडघे टेकून, एका आडव्या पडलेल्या प्रचंड खोडाच्या कडेने. तेव्हा बाबा होते. त्यानंतर चार महिन्यांनी ते गेले. शेवटचे सहा आठवडे त्यांना उचलून बसवणं, पुसणं, भरवणं सगळं भावजींनी केलं. आम्ही बहिणी नुसत्या हाताखाली. त्याच दिवसांत बाबांसाठी लाकडं फोडताना भावजींच्या उजव्या अंगठ्यावर कुऱ्हाड घसरली, आणि नखापासून मनगटापर्यंत वाकडा वण राहिला.

वर्ष भरलं तेव्हा आम्ही पिशव्या उचलायला गेलो. हे काम ऊन पडायच्या आत करावं लागतं, नाहीतर पानांतला ओलावा बदलतो. त्यामुळे माझं मौन चालूच होतं. भावजी उकरून देत होते, मी पेटीत रचत होते. शेवटी मी मोजलं. सत्तेचाळीस. पुन्हा मोजलं. सत्तेचाळीस.

"सगळ्या आहेत?" भावजींनी विचारलं.

मी मान हलवली आणि एक बोट वर केलं. एक कमी.

ते पुटपुटत परत गेले. शेवटचं टोक त्यांनीच उकरलं होतं, त्यांना वाटलं आपलीच चूक. मी बसल्या बसल्या पिशव्यांची माती झटकायला घेतली, आणि तीस नंबरची पिशवी हाताला जाड लागली. ती एक नव्हती. दोन होत्या. वर्षभरात तंतूंनी जाळीतून जाळीत घुसून त्या एकमेकींना शिवून टाकल्या होत्या, ताईच्या टाक्यांपेक्षा सुबक. मी नखाने वेगळ्या केल्या. आत एकतिसाचा बिल्ला होता. कोरताना माझा खिळा घसरला होता, त्यामुळे तीनच्या खाली एक लांब ओरखडा आहे. मी तो लगेच ओळखला.

भावजी तेव्हा खोडाआड फार तर पन्नास पावलांवर असतील. पाचोळ्यात त्यांचे बूट वाजत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मी मारली नाही. ऊन अजून शेंड्यांवरही नव्हतं. मनात म्हटलं, दहा मिनिटांत येतीलच, तोवर सूर्य वर येईल, मग हसून सांगू. अठरा वर्षांचा नेम दहा मिनिटांसाठी कशाला मोडायचा.

बुटांचा आवाज थांबला. मला वाटलं, वाकून उकरत असतील.

ऊन खाली उतरलं तेव्हा मी हाका मारायला लागले. मग केंद्रातली माणसं आली, कुत्री आली. दोन दिवस सगळं जंगल पालथं घातलं. सर, म्हणजे आमचे आताचे प्रमुख, स्वतः घसा बसेपर्यंत ओरडत फिरले. ताई फाटकात बसून होती. तिने मला काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. एकतीस नंबरची पिशवी मी तिसऱ्या कपाटात, खालच्या खणात ठेवून दिली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावजी आपल्या पायांनी प्रयोगशाळेच्या दारात आले.

कपडे कोरडे होते. दोन्ही दिवस पाऊस लागून होता. चेहरा ताजातवाना, दाढी केल्यासारखा. ते माझ्या टेबलाशी आले आणि हात पुढे केला.

"सापडली बघ," म्हणाले.

हातात जाळीची पिशवी होती. बिल्ल्यावर एकतीस, आणि तीनच्या खाली लांब ओरखडा.

सगळे त्यांच्याभोवती जमले, कोणी पाणी आणलं, कोणी ताईला बोलवायला धावलं. गडबड ओसरल्यावर मी कपाट उघडलं. माझी एकतीस होती तिथेच होती. काळी, ओली, आतली पानं जाळीदार झालेली. दोन्ही पिशव्या शेजारी ठेवल्या. कोपऱ्यात ताईचा तोच चुकलेला टाका, दोन्हींत. भावजींनी आणलेली मी तराजूवर ठेवली.

दहा ग्रॅम. ना कमी ना जास्त. पानं आज भरावीत तशी करकरीत.

घरी ताईने त्यांना तीन दिवस हलू दिलं नाही. त्यांचा जुना खोकला गेला होता. झोप शांत लागत होती. बोलत कमी होते, पण हाताला हात लावला की हसायचे. सर म्हणाले, धक्का बसलाय, हळूहळू सगळं आठवेल.

चौथ्या दिवशी जेवताना भावजींनी मागच्या खोलीकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबांना आधी वाढलं का?"

ताईचा हात हवेतच राहिला. मग ती म्हणाली, वाढलं. मी खाली मान घालून जेवले.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. ठेवावंच लागतं, माझं कामच ते. त्यांच्या उशाशी एक सफरचंद होतं, एक घास खाऊन ठेवलेलं. नऊ दिवसांनीही चावलेली जागा पांढरीच होती. दूध झाकायचं राहून गेलं तरी नासलं नाही. ते दुपारी मागच्या दारी खताच्या खड्ड्याजवळ खुर्ची टाकून बसायचे. पूर्वी त्या खड्ड्यात हात घातला की आतून ऊब लागायची. आता घातला तर थंडगार. भाज्यांची देठं वरच्या थरात टाकली होती तशीच, हिरवी. त्यांच्या सदऱ्याला घामाचा वास नव्हता. कसलाच नव्हता.

आणि अंगठा. एक दिवस ते माझ्या हातून पाण्याचा पेला घेत होते तेव्हा मी पाहिला. गुळगुळीत. वण कधी नव्हताच असा.

प्रार्थनेला बसले की माझं मन लागेना. डोळे मिटले की पाचोळ्यात वाजणारे बूट ऐकू यायचे, आणि ते थांबायचे.

पंधराव्या दिवशी मी पहाटे एकटी सातव्या तुकड्यात गेले. पिशव्यांच्या जागची माती सरांना तपासायला हवी होती, हे निमित्त खोटं नव्हतं. जंगल गप्प होतं. खोडाच्या शेवटच्या टोकाला पाचोळा थोडा उंच दिसला. लांबट उंचवटा, माणसाएवढा. वरून पांढरे तंतू पंख्यासारखे पसरलेले, आणि त्यांतून कोवळी वाफ निघत होती.

मी पानं बाजूला केली. आधी बाही लागली. मग हात. मग अंगठा, आणि त्यावर नखापासून मनगटापर्यंत वाकडा वण.

हात गरम होता.

चेहऱ्यावरची पानं मी एकेक करून काढली. तंतू केसांतून, भुवयांतून मातीत गेले होते, पण कातडी कुठे कुजली नव्हती. उलट अंग भरलेलं वाटत होतं, कोणीतरी रोज आतून भरवत असल्यासारखं. बाईंनी शिकवलेलं मला आठवलं, आणि मी ते मनातून लोटून दिलं.

भावजींनी डोळे उघडले नाहीत. ओठ हलले.

"सगळ्या आहेत?"

ऊन अजून आलं नव्हतं. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी त्याआधी बोलले.

"होत्या, भावजी. सगळ्या होत्या. दोन चिकटल्या होत्या. तुम्ही वळल्यावर लगेच कळलं मला. मी हाक मारली नाही."

मग छातीवरची पानं हलकेच हलली. मला वाटतं, ते हसले.

"न बोलता मारलंस," म्हणाले.

मी त्यांचा हात धरून ओढला. ते कण्हले, आणि तंतू ताठ झाले पण तुटले नाहीत. मी चाकूने कापून पाहिले. कापलेली टोकं माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा जुळली. मग त्यांचा हात उचलायला मी माझा तळवा खालून सरकवला. तेव्हा ते घडलं. तंतू त्यांच्या तळव्यातून हळूहळू निघाले आणि माझ्या तळव्यात शिरले. दुखलं नाही. गार, मऊ, झोप यावी तसं बरं वाटलं. त्यांचा हात सुटला. मोकळा होऊन माझ्या मांडीवर पडला.

मी घाबरून हात हिसकला. लगेच त्यांचा हात पाचोळ्यात ओढला गेला.

मला पुरतं कळलं. एकाने सुटायचं तर दुसऱ्याने त्या जागी पडायचं.

"मी येते," मी म्हटलं. "आधी ताईला सांगते. मग येऊन तुम्हाला घरी पाठवते. शब्द देते."

शेंड्यांवर ऊन आलं, आणि पानं पुन्हा त्यांच्या तोंडावर सरकली. वारा नव्हता.

दुपारी मी सरांना घेऊन आले. त्यांनी दोन माणसं लावून सगळा तुकडा मातीपर्यंत खरवडला. काही नव्हतं. गांडुळं आणि पाचोळा. सर चिडले नाहीत. ते माझ्या शेजारी खोडावर बसले आणि म्हणाले, महिनाभर रजा घे. मलाही क्षणभर वाटलं, घ्यावी. पण माझ्या तळव्याच्या कातडीखाली पांढऱ्या रेषा होत्या, आणि त्या साबणाने धुऊन जात नव्हत्या.

संध्याकाळी मी ताईपाशी बसले. बाहेर ते भावजी खड्ड्याजवळ खुर्ची टाकून शीळ घालत होते. ताईने मशीन थांबवलं नाही. मी बोलत गेले. चिकटलेल्या पिशव्या, न मारलेली हाक, दोन एकतीस नंबर, अंगठा. अंगठ्याशी आल्यावर मशीन थांबलं.

"तो मी पहिल्याच दिवशी बघितला," ताई म्हणाली.

बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

"काय बोलू? दारात नवरा उभा आहे. त्याला सांगू, तू नाहीस म्हणून?" तिने दोरा दाताने तोडला. "आणि हा बाबांचं विचारतो ना, तेव्हा वाटतं ते आत आहेतच."

मग बराच वेळ ती कापडावरून हात फिरवत राहिली. मी मान वर केली नाही.

"हाक मारायची होतीस," ती म्हणाली.

"हो."

"जिवंत आहे?"

"आहे. सातव्या तुकड्यात, पाचोळ्याखाली."

"मग आण त्याला."

"पाठवते," मी म्हणाले.

मी तिथे राहिले तरच ते सुटतील, हे तिला सांगितलं. माझा हात ओढून घेतला, दिव्याखाली धरला, आणि त्या पांढऱ्या रेषांवरून बोट फिरवलं, कापडाची वीण तपासावी तसं. मी विचारलं, ते आले तर ह्यांचं काय करशील. तिने खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, दोन ताटं काय अन् तीन काय, वाढणारी मीच.

मला वाटलं होतं, ती मला जाऊ नको म्हणेल. ती हिशोब लावल्यासारखी भिंतीकडे बघत होती.

"ह्याला यायला दोन दिवस लागले ना?" तिने विचारलं. "त्या दिवशी पिशव्या ठेवायला तूही होतीस. गुडघे टेकून."

मी हो म्हटलं.

"मग ठीक आहे," ताई म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.

त्या रात्री मी प्रार्थनेत काही मागितलं नाही. एकच गोष्ट मनात येत राहिली आणि तिची मला लाज वाटली. माझ्या जागी जी परत येईल, पिशव्या ठेवल्या त्या दिवसाची, तिने कोणाला हाक मारायची चुकवलेली नसेल. तिची झोप शांत असेल.

पहाटे खाली आले तेव्हा ताई उठलेली होती. माझा राखाडी स्वेटर, गेल्या वर्षी मी जंगलात घालायचे तो, तिने वास जावा म्हणून खिडकीत टांगला होता. मागच्या खोलीतली बाबांची खुर्ची टेबलाशी आणून ठेवली होती. पुसून, गादीसकट. तिच्यासमोर त्यांचा चष्मा.

माझं मौन सुरू झालं होतं, त्यामुळे मला काही बोलावं लागलं नाही. मी उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधल्या. ताईने पाठीमागून माझे केस नीट केले, लहानपणी करायची तसे, आणि आत गेली.

बाहेर धुकं होतं. मी फाटकाची कडी आवाज न करता लावली आणि जंगलाच्या वाटेला लागले. स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जाताना ताईचा आवाज ऐकू आला. आत दुसरं कोणी नव्हतं.

"बाबा झोपलेत गं," ती हळू आवाजात म्हणत होती. "आत्ता उठवू नकोस त्यांना."

जरा थांबली. मग तेच पुन्हा म्हणून पाहिलं, या वेळी थोडं हसून.

दुसऱ्यांदा ते अगदी खरं वाटलं.